उचलून लावायचं दार

सुताराने नवं दार बोटाने ढकललं आणि ते लागलं. कुरकुर नाही, घासणं नाही, काही नाही. "बघा ताई, करंगळीने लावा आता," असं म्हणून तो आपल्याच कामावर खूश होऊन बाजूला झाला. मग तिने पायरीवर उभं राहून ते पुन्हा उघडलं आणि मूठ धरली. मागचं दार लावायचं म्हणजे आधी मूठ धरून फळी वर उचलायची, खांद्याने रेटायची आणि मग कडी चढवायची, ही सवय तिच्या हाडात होती. तिने उचललं. नवं दार उचलायला नव्हतंच काही. पायऱ्या संपल्या तरी पाय आणखी एक पायरी शोधतो आणि जमिनीवर आपटतो ना, तसा तिचा खांदा हवेत आपटला. तोल गेला. सुताराने दंड धरला. "अहो, सांभाळून! दार नवं आहे, तुम्ही जुन्याच आहात." ती हसली, कारण हसायला हवं होतं. पण तिच्या कानाला एक आवाज हवा होता आणि तो मिळाला नव्हता. आधी लाकूड घासल्याचा, मग बिजागऱ्या कण्हल्याचा, मग वर कडी कोयंड्यावर पडल्याचा. घर्र, कुईं, खट्. रोज ऐकलेला आवाज माणूस ऐकत नाही. तो नाही आला तेव्हाच तिने तो ऐकला. आणि ऐकला तो कालचा नाही, परवाचा नाही, सगळ्यात पहिला ऐकला. पाठीमागून आलेला, ती या घरात पहिल्यांदा शिरली तेव्हाचा.

गल्लीत तिला कवळीताई म्हणत. मेणाचे साचे, प्लास्टरचे जबडे, गुलाबी हिरड्या, असल्या सामानात तिचं आयुष्य गेलं. गावातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी हसत आणि उरलेले निम्मे तिच्याच दातांनी तिला शिव्या देत, की डावीकडे टोचतंय. ती एक गोष्ट त्या धंद्यात शिकली होती. प्रत्येक जबड्याची एक खोड असते. कोणी चावताना जबडा आधी पुढे काढतो, कोणी बाजूला सरकवतो, आणि त्याला स्वतःला विचारलं तर शपथेवर सांगेल की मी सरळ चावतो. खोड मालकाला दिसत नाही. ती अंगात असते. दाराचंही तसंच. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. सुतार कसलीशी शीळ घालत भुसा गोळा करत होता. जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, काढलेल्या कवळीसारखं, ओळखू न येणारं. तिने जुन्या दाराकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, साधं, सरळ, इतक्या वर्षांत एकदाही न आलेलं: त्या दिवशी दार कोणी लावलं?

त्या दिवशी म्हणजे लाँच बुडाली त्या दिवशी. आता या घराच्या मागे बसडेपो आहे. दार उघडलं की डिझेलचा वास येतो, बसच्या बाजूंवर चिकटवलेल्या साबणाच्या जाहिराती दिसतात, आणि घाईत असलेल्या कंडक्टरबाया. त्यांच्यासाठी डेपोत संडास बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. नकाशा काढणारे सगळे पुरुष, त्यांना भिंत पुरते. म्हणून बाया कवळीताईच्या मागच्या दाराने येतात, बाहेरची कडी काढून. पण तेव्हा तिथे समुद्र होता. दारापासून पायऱ्या थेट पाण्यात उतरत. या गल्लीतली माणसं लाँचवर आणि होड्यांवर कामाला, त्यामुळे जाणं-येणं सगळं मागच्या दाराने. मागच्या दारांना आतून कडी नसे, बाहेरून असे. समुद्राकडून वारा असा सुटायचा की जाणाऱ्याने कडी घातली नाही तर दार भिंतीवर आपटून आपटून फुटायचं. आणि आतून का नाही, तर पाण्याकडून येणारा कुठल्या अवस्थेत येईल सांगता येत नाही, त्याला दार वाजवत बसायला लावू नये. हे कोणी नियम म्हणून ठरवलं नव्हतं. शहाणपण होतं, आणि शहाणपणाला समिती लागत नाही.

समिती आता आहे. स्मारकाची. लाँच बुडाल्याला इतकी वर्षं झाली की आता त्याचं दुःख करायला कोणाची हरकत नव्हती. समुद्र बुजवून डेपो केला, डेपोच्या कडेला एक कोपरा उरला, तिथे काळा दगड उभा करायचं ठरलं. दगडावर वर उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली बुडालेल्यांची लहान अक्षरांत. बुडालेल्यांनी नाही तरी काय केलं होतं, बुडालेच तर होते! त्या नावांत तिच्या आईचंही होतं. आणि एक नाव नव्हतं. इंजिनवाल्याचं. कारण इंजिनवाला पळाला, असं गाव म्हणत होतं, चौकशीच्या कागदात तसंच होतं, शाळेतल्या मास्तरांनी गावाचा इतिहास म्हणून तेच सांगितलं होतं. लाँच ऐन धक्क्याजवळ असताना इंजिन बंद पडलं, लाटेने ती खांबावर घातली आणि इंजिनवाला आपली जागा सोडून पोहत घरी गेला. पाहणारे होते. त्याला स्वतःच्या मागच्या पायऱ्या चढताना पाहिलं, दार उघडताना पाहिलं. मग तो पुढच्या दाराने निघून दुसऱ्या कुठल्या बंदराला गेला असणार. लाँचमध्ये दुप्पट माणसं कोंबली होती, हे कोणी जोरात बोललं नाही. लाँचच्या मालकाकडे वकील होता. इंजिनवाल्याकडे नुसतं दार होतं.

आणि इंजिनवाल्याची बायको. तिची मावशी. म्हणजे सख्खी नव्हे, कसलीच नव्हे. सहा-सात वर्षांची ओली पोर जिला पहिल्यांदा पाहून "मावशी" म्हणाली, ती मावशी.

आठवायला लागली की तिला कधी सुरुवात सापडत नसे. आईचा हात सुटला ते आठवत नाही, आणि त्याबद्दल ती कोणाचे तरी आभार मानते, कोणाचे ते माहीत नाही. आठवतं ते ओलं लाकूड, कपाळाला टेकलेलं. मानेच्या मागे एक हात, ऑइलचा वास असलेला, मांजरीने पिल्लू धरावं तसा धरलेला. हात कोणाचा, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं; लाटेतून कोणी तरी काढलं, एवढंच गाव म्हणे. डोक्याच्या खूप वर कसलं तरी लोखंड हललं. दार उघडलं, हाताने तिला आत ढकललं, ती फरशीवर गुडघ्यांवर पडली. समोर पांढरंच पांढरं. दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या, बंदरावरच्या हॉटेलच्या, आणि त्या पांढऱ्यात एक बाई कोळशाची इस्त्री घेऊन उभी. पाठीमागे घर्र, कुईं, खट्. बाईने पोरीकडे पाहिलं नाही. पोरीच्या डोक्यावरून दाराकडे पाहत राहिली. इस्त्री चादरीवरच राहिली. मग जळक्याचा वास आला. मग बाई म्हणाली, "आधी पाय पूस."

हा किस्सा दोघींनी मिळून आयुष्यभर हसत हसत सांगितला होता. मावशीच्या साठीला, तिच्या स्वतःच्या लग्नात, बारशाला. "पोरगी समुद्रातून आली, जीव वाचवून आली, आणि ही बाई म्हणते पाय पूस!" मावशी म्हणायची, "मग? धुतलेल्या चादरी होत्या. समुद्रातून आली म्हणून काय चिखल चालेल?" लोक हसायचे. तीही हसायची. जळलेल्या चादरीतच मावशीने तिला गुंडाळलं होतं. तिच्यावर इस्त्रीच्या आकाराचा तांबूस डाग होता, होडीसारखा, पोरगी किती तरी वर्षं ती चादर पांघरून झोपली. चादर कशी जळली, असं मात्र कोणी विचारलं नाही. मावशीच्या हातून त्याआधी कधी जळली नव्हती, त्यानंतरही नाही. आणि आता ओट्याला टेकून उभं असताना तिला त्या चित्रातली बाई पहिल्यांदा नीट दिसली. ती पोरीला पाहून दचकली नव्हती. तिने दार लागल्याचा आवाज ऐकला होता.

तो आवाज कोण काढू शकत होतं? बिजागरी ढिली होऊन ते दार तेव्हाच उतरलेलं होतं. उघडायला काही नाही, कडी काढली की आपोआप उघडायचं. लावायची मात्र कटकट. नुसतं ढकललं तर फळी उंबऱ्याला अडायची, कडी कोयंड्यापर्यंत पोचायचीच नाही. मूठ वर उचलायची, त्याच वेळी खांदा द्यायचा, जरा डावीकडे. नवखा माणूस दहादा आपटून निघून जाई. समुद्र खवळलेला, माणसं किंचाळतायत, आणि कोणी तरी ते दार पहिल्याच झटक्यात उचलून लावलं. न आपटता. विचार न करता. ज्याच्या अंगात ती खोड होती त्याने. घरचा माणूस एकच होता.

म्हणजे तो आला होता. पाहणाऱ्यांनी खरंच पाहिलं होतं. पायऱ्या चढला, दार उघडलं. एवढंच पाहिलं आणि तोंड फिरवून गावभर सांगत सुटले. पुढचं पाहायला थांबले नाहीत. तो आत आला नाही. त्याने पोर आत टाकली, दार लावलं आणि परत पाण्यात गेला. आत असता तर कडी बाहेरून लागली नसती. इतकी सोपी गोष्ट, आणि त्या आवाजाचा रियाज करत ती या घरात म्हातारी झाली!

तिला मावशीचं आणखी एक आठवलं. पोरीला पाय पुसायला सांगून मावशी पुढच्या दाराने धावत बाहेर गेली होती. मागच्याला बाहेरून कडी होती, जाणार कुठून? सगळ्या गल्लीला वळसा घालून ती मागे पायऱ्यांवर पोचली असेल. आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. चादरी काढून घड्या घालत बसली, आणि सगळ्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून, नेहमीसारख्या.

"माझं दार मला माहीत आहे." हे मावशीचं वाक्य. नळावर कोणी टोचून बोललं, "कुठल्या बंदरात आहे म्हणे तुमचा बाप्या?" की मावशी म्हणायची, माझं दार मला माहीत आहे. चौकशीच्या साहेबाने विचारलं तेव्हाही म्हणे हेच म्हणाली, आणि साहेबाने लिहून घेतलं की बाई भ्रमिष्टासारखं बोलते. शाळेत पोरं तिला पळपुट्याची पोरगी म्हणायची. ती रडत घरी आली की मावशी तेच म्हणायची आणि गुळाचा खडा हातावर ठेवायची. तिला वाटायचं ही म्हण असेल. मग वाटायला लागलं हा ताठा आहे, बाईचा गरीब ताठा, नवरा टाकून गेला तरी मान वर. मोठी झाल्यावर तर ती एकदा चिडून म्हणालीही होती, "दार, दार काय? त्या दाराला रंधा मार ना आधी, खांदा निखळायची वेळ आली." एक सुतार बोलावूनही आणला होता. मावशीने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "राहू दे. तेवढं उचलायला मला जड नाही." आणि ते दार तिने मरेपर्यंत तसंच ठेवलं, उतरलेलं, कुरकुरणारं. एखादी बाई नवऱ्याचा फोटो ठेवते. हिच्याकडे फोटो नव्हता, हिने त्याचं दार ठेवलं. सांगितलं का नाही, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिथेच विरला. सांगितलं होतं की. जन्मभर सांगत होती. ऐकणाऱ्यांना दार म्हणजे लाकूड वाटत होतं.

"ताई, हे नेऊ का? बंबात जाईल," सुतार जुन्या दाराला हात घालत म्हणाला.

"हात लावू नकोस त्याला!"

ती इतक्या जोरात ओरडली की सुताराने खरंच हात मागे घेतला. "बरं बरं. सोन्याचं आहे का?"

"चढव परत."

"काय?"

"नवं काढ, जुनं चढव. त्याच बिजागऱ्यांवर. आणि नीट करू नकोस. होतं तसंच, उतरलेलं."

सुताराने पेन्सिल कानावरून काढली, पाहिली, परत कानावर ठेवली. "ताई, मी वाकडं दार सरळ करून देतो. सरळ काढून वाकडं बसवायचं काम मला बापजन्मात कोणी दिलं नाही. उद्या कोणी पाहिलं तर विचारतील हे कुठल्या गाढवाने बसवलं."

"माझं नाव सांग. म्हणावं कवळीताईची अक्कलदाढ आज आली."

तो पुटपुटत कामाला लागला. त्याचं चाललेलं असतानाच संग्रहालयवाली पोरगी आली. पुढच्या दाराने, चपला हातात घेऊन, वेळेवर. समितीने तिला नेमलं होतं, वाचलेल्यांच्या आठवणी बोलत्या करून जमवायला. वाचलेल्यांत आता बोलता येणारी कवळीताईच राहिली होती. पोरगी चांगली होती, भरपूर कागद आणि बोटाएवढं यंत्र घेऊन आली होती, आणि आजी आजी करत होती. तिच्या मागोमाग कवळीताईचा मुलगा आला. तो विमा विकायचा. नवं दार त्यानेच ठरवलं होतं, आतून कुलूप असलेलं. बायको आणि तान्हं घेऊन तो इथे राहायला येणार होता आणि मागचं दार म्हणजे सार्वजनिक रस्ता आहे हे त्याला पसंत नव्हतं. "आई, अख्ख्या गावाला मी विमा देतो आणि माझ्या आईच्या घराला आतून कडी नाही. लोक हसतात." त्याने मागे पाहिलं, सुतार जुनं दार चढवत होता. "अरे! हे काय उलटं चाललंय?"

"मला विचारू नका," सुतार म्हणाला. "घरात मोठं माणूस आहे."

ती मग बोलली. बोलायला बसली तेव्हा तिला भीती वाटत होती, मरणाची नव्हे, लहान, ओली भीती. की बोलून झालं की हे सगळे मान हलवतील, गोड हसतील, आणि म्हातारीला दुपारची औषधं द्यायची वेळ झाली का ते पाहतील. दगडावर नावं कोरायचं काम चालूच होतं. या आठवड्यात कारागीर हत्यारं उचलणार होता. एकदा दगड उभा राहिला की तो माणूस कायमचा पळालेला. कागदातलं खोडता येतं, दगडातलं नाही. आणि ती? तिला त्याने मानेला धरून आत टाकलं होतं. तिचं शिक्षण, तिचं लग्न, हा समोर कपाळाला आठ्या घालून बसलेला विमेवाला, त्याचं तान्हं, गावातले सगळे दात, हे सगळं त्या एका हाताने आत ढकललेलं होतं. आणि तिने त्याला आयुष्यभर, मनातल्या मनात का होईना, पळपुटाच मानलं होतं. मावशीवर प्रेम करून त्याला क्षमाही करून टाकली होती. क्षमा! कोणी कोणाला?

तिने सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. तिचे डोळे भरले, पण शिकलेली होती, म्हणून म्हणाली, "आजी, मला पटतंय हो. पण समिती म्हणेल याला पुरावा काय? वाऱ्याने लागलं असेल, दुसऱ्या कोणी लावलं असेल."

"ये इकडे." ती तिला मागच्या दाराबाहेर घेऊन गेली. सुताराचं काम झालं होतं. "लाव. कडी घालून दाखव."

पोरीने दार ढकललं. अडलं. जोराने ढकललं. धाडकन आपटलं आणि पुन्हा अर्धवट उघडलं. एका हाताने दाबून धरून कडीला हात घातला, तर कडी कोयंड्याच्या वर बोटभर लटकत राहिली. तिने हसून सुताराकडे पाहिलं. "सरका," सुतार म्हणाला, "अक्कल लागते." त्याने खालून लाथ घातली, वरून बुक्की मारली, मग दाराच्या आईला आठवलं. दार काही लागलं नाही. "ताई, तुम्ही सांगितलं उतरलेलं बसव, मी बसवलं. आता ते लागतही पाहिजे, हे जरा जास्त होतंय."

"काय तमाशा लावलाय भर दुपारी?" मुलगा वैतागून बाहेर आला. "आई, मी ऑफिस सोडून आलोय. आपण कुलपाचं बोलू या का? डेपोत रोज नवी माणसं येतात, कोण कसं असेल, तू एकटी, उद्या बाळ..." बोलता बोलता त्याने सुताराला कोपराने बाजूला केलं, मूठ धरली, उचलली, खांदा दिला, जरा डावीकडे. "...बाळ रांगायला लागलं की मग काय करशील?"

घर्र, कुईं, खट्.

डेपोत एक बस मागे येत होती आणि कोणी तरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं.

"तू आत्ता काय केलंस?" तिने विचारलं.

"काय केलं? दार लावलं."

"कसं?"

"कसं म्हणजे? जसं लावतात तसं." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे. मग सुताराकडे, जो कानावरची पेन्सिल चाचपत होता. मुलाचं तोंड जरा उघडं राहिलं, तो लहानपणी उघडं ठेवायचा तसं. त्याने कडी काढली, पुन्हा लावायला गेला, पण आता लक्ष देऊन, आणि दार अडलं. दुसऱ्यांदाही अडलं. "च्यायला," तो हळूच म्हणाला. आईसमोर तो असं कधी बोलत नसे.

"समितीला म्हणावं, या," ती पोरीला म्हणाली. "सगळ्यांनी या, उद्घाटकालाही आणा. एकेकाने लावून दाखवा. ज्याला पहिल्या झटक्यात लावता येईल त्याने मला येऊन सांगावं की तो पळाला होता."

पोरगी आत गेली आणि फोनवर बोलायला लागली. दगडवाल्याशी. "एक ओळ मोकळी ठेवा... नाही, समितीशी मी बोलते, आज संध्याकाळी घेऊन येते सगळ्यांना इथे... नाही हो, शेवटी नको. वर्णानुक्रमाने जिथे येईल तिथे." मग तिने दारातून डोकं काढून विचारलं, "आजी, त्यांचं नाव?"

तिने नाव सांगितलं. मावशीने ते तोंडाने कधी घेतलं नव्हतं आणि गावाने घेतलं ते थुंकायला. तिच्या स्वतःच्या तोंडात ते नवीन होतं, नव्या कवळीसारखं. जिभेला सगळीकडे लागत होतं. तिने पुन्हा एकदा सांगितलं, आता नीट बसलं.

मुलगा सुताराला म्हणत होता, "नवं दार पुढे बसव मग. कुलूप तिकडे. हे राहू दे असंच." मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "बाळाला शिकवावं लागेल."

सगळे आत गेले. ती पायरीवर उभी राहिली. खाली आणखी पायऱ्या होत्या, पण त्या डांबरात शिरल्या होत्या, वरचीच तेवढी उरलेली. आतले आवाज अगदी स्पष्ट ऐकू येत होते. सुतार चहाला नाही म्हणत होता, म्हणजे हवा होता. पोरीचे कागद फडफडत होते. मुलाने कपाट उघडलं. दाराच्या या बाजूला उभं राहून ती आतलं ऐकत होती. त्या दिवशी इंजिनवाल्यालाही असंच ऐकू आलं असणार. मावशी इस्त्री करताना इस्त्रीशी बोलायची, कोळशाला शिव्या द्यायची. दाराला कान लावायचीही गरज नव्हती. हातभर अंतरावर बायको, कोरडं घर, उबदार इस्त्रीचा वास. त्याने हाक मारली नाही. मारली असती तर मावशीने त्याला परत पाण्यात जाऊ दिलं नसतं, हे त्याला माहीत होतं, तोही तिला ओळखून होता. पण मग दार का लावलं? घाईत होता, पोर टाकून तसाच वळला असता तर? हे तिला कळेना. त्या कडीने कोणाचा जीव वाचणार होता?

"ताई, सरकता का जरा? गाडी सुटतेय माझी!" कंडक्टरबाई धावत आली, तिकिटांची पिशवी मांडीवर आपटत. ही रोजची. ती दार ओढून आत घुसली, गोणपाटावर दोनदा पाय घासले, "कोण कोण आलंय आज, पार्टी आहे का?" म्हणत मोरीकडे पळाली. तिच्या मागे दार सताड उघडं राहिलं. डेपोतून वारा आला, समुद्र बुजवला तरी वारा कोणाला बुजवता आला नव्हता. आत सगळे कागद उडाले.

"आई! दार लाव ना!" मुलगा आतून ओरडला. "सगळे कागद उडतायत!"

ती थांबली. मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चादरी. धुतलेल्या चादरी. दार लावत जा, माझ्या चादरी उडतात, किती वेळा ओरडली असेल मावशी त्याच्यावर! बाहेर जग बुडत होतं आणि हा माणूस बायकोचा ओरडा नको म्हणून दार लावून गेला. वीर वगैरे दगडावर कोरतील, कोरू देत. तिला मात्र आता तो पहिल्यांदा नीट दिसला, चेहरा नसलेला, ऑइलचे हात, घाईत असलेला, सांगितलेलं ऐकणारा एक नवरा.

"लावते रे," ती म्हणाली. "ओरडू नकोस."

तिने मूठ धरली. उचललं, खांदा दिला, जरा डावीकडे. घर्र, कुईं, खट्. आत कंडक्टरबाईने मोरीतून विचारलं, "अहो, मी आहे ना अजून आत! जाऊ कुठून?" आणि मुलगा म्हणाला, "पुढून जा आज." ती दाराकडे पाठ करून निघाली. डेपोच्या भिंतीकडेने, उभ्या बसच्या मागून, सगळ्या गल्लीला वळसा घालून, मावशी धावली होती त्या वाटेने. ती धावली नाही. तिला घाई नव्हती आणि तिचे पाय कोरडे होते. पुढच्या दाराशी पोचल्यावर ती क्षणभर थांबली, आणि आत जाण्याआधी तिने पाय पुसले.